ओट्यावर ठेवलेल्या दोन ट्यूब

रक्त काढण्याआधी माणसाचं तोंड बघायचं आणि त्याच्याच तोंडून त्याचं नाव ऐकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. सुई नंतर, दंडाला बांधायचा पट्टा नंतर, कापूस नंतर. कुंभकोणमच्या एका खाजगी लॅबोरेटरीत मी चौतीस वर्षं हा नियम पाळला. नव्या मुलींना शिकवला. न पाळणाऱ्यांना चारचौघांत झापलंसुद्धा. आणि तो मोडला एकाच घरी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या. त्याचं काय झालं ते इथे लिहितो.

दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं होतं की आमची मराठी तुमच्याकडे चालणार नाही. आम्ही तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेले लोक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याला एका लग्नात मी "जेवण जालें की?" असं विचारलं तेव्हा तिथली पोरं तोंडावर हात ठेवून हसली होती. लिहायची मराठी मी मोठेपणी पुस्तकं वाचून शिकलो, म्हणून ती जरा इस्त्री केल्यासारखी वाटेल. बोलणं मात्र ज्याचं त्याच्या तोंडचं ठेवलं आहे.

लॅबवाल्यांचं काम लोकांना कळत नाही. डॉक्टर दिसतो, नर्स दिसते, आम्ही काचेच्या खिडकीमागे असतो. लोकांना वाटतं, रक्त मशीनमध्ये घातलं की आकडा आपोआप बाहेर येतो. येतोही. पण तो आकडा कोणाचा, कशामुळे आला आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मशीनला ठाऊक नसतं. त्याचा पगार आम्ही घेतो.

माझं टेबल बायोकेमिस्ट्रीचं. त्यातही माझा जीव जडला तो अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या एका तपासणीवर. आम्ही तिला नुसतं एएलपी म्हणतो. सोपं करून सांगतो. आपलं हाड दगडासारखं एकदा बनून थांबलेलं नसतं. जन्मभर त्यात पाडापाडी आणि बांधाबांधी चालू असते. बांधणाऱ्या पेशी काम करताना हा एक पदार्थ सोडतात, आणि त्यातला थोडा रक्तात उतरतो. दुसरीकडे कुठे झालेला कॅन्सर हाडात जाऊन बसला, की तिथली पाडापाडी बेफाम होते, बांधणाऱ्या पेशी गडबडून दुप्पट राबायला लागतात आणि रक्तातला आकडा चढतो. मोठ्या माणसात तो साधारण सव्वाशेच्या आत असावा. वर गेला तर लक्ष द्यायचं.

पण तो लिव्हरमुळेही चढतो. मग हाडाचा की लिव्हरचा? आता त्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत, पण मी लागलो तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी मला जुनी युक्ती शिकवली होती. रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, छपन्न डिग्रीच्या गरम पाण्यात बरोबर दहा मिनिटं ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. हाडातलं एएलपी उष्णतेने मरतं, लिव्हरमधलं बरंचसं टिकतं. गरम केल्यावर आकडा धाडकन खाली आला तर समजायचं, हाड. मी त्या पाण्याच्या पेटीसमोर घड्याळ हातात घेऊन उभा राहायचो. त्या दहा मिनिटांत कोणाशी बोलायचो नाही. सगळे मला हसायचे, पण गुंतागुंतीची केस आली की "रावसार कुठे आहेत?" म्हणून माझ्याकडेच यायचे.

हा आकडा माणसाला किती घाबरवतो त्याचा एक मासला सांगतो. विड्याच्या पानांचा एक व्यापारी सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या तापाचं कारण शोधायला म्हणून कोणीतरी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. ताप उतरला, पण एएलपी मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या तिप्पट. त्याने फोनमध्ये वाचलं आणि त्याला एकच शब्द दिसला. रडून रडून डोळे सुजलेले.

"सार, खरं सांगा. हाडाचा कॅन्सर ना?" तो म्हणाला.

मी विचारलं, "मुलीच्या परकराची दुमड या वर्षात किती वेळा सोडलीत?"

त्याने बोटं मोजली. "तीनदा. दिवाळीचा तर आता घोट्याच्या वर येतो. बायको रोज कटकट करते."

"मग रडता कशाला? पोरगी उंच होतेय. हाड बांधलं जातंय. या वयात आकडा असाच असतो."

तो माणूस उठला, पुन्हा बसला आणि हसायला लागला ते थांबेचना. त्यानंतर दर पोंगलला त्याच्याकडून कोवळ्या पानांची जुडी यायची. मी पान खात नाही, पण ती जुडी मला मिरवायला आवडायची. एक आकडा बघून सगळं ओळखणारा म्हणून माझं नाव झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते माझ्या डोक्यातही गेलं होतं.

आता अक्काचं सांगतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लक्ष्मीबाई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, मला वेंकू म्हणायची. मेहुणे लवकर गेले. ती गोविंदपुरम्‌ला राहायची, विठ्ठलाच्या देवळाजवळच्या गल्लीत. तिच्या मुलाला मी माझी एकुलती एक मुलगी कमला दिली. आमच्यात आतेभावाला मुलगी देण्याची रीत आहे. त्यामुळे अक्का कमलाची आत्याही आणि सासूही. जावई कामानिमित्त सतत फिरतीवर, नातू कोइंबतूरला शिकायला. म्हणजे घरात बहुतेक वेळ त्या दोघीच. कमला नर्स आहे, आडुतुरैच्या एका लहान नर्सिंग होममध्ये.

पाच-सहा वर्षांपूर्वी अक्काच्या छातीत गाठ निघाली. गाठीचा रिपोर्ट आमच्याच लॅबमधून आला. तो मी नेऊन दिला. तंजावरला ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासत राहा, विशेषतः एएलपी आणि कॅल्शियम. पुढे त्यांनी आणखी एक तपासणी वाढवली, सीटीएक्स नावाची. हाड खचताना त्याचा जो भुगा रक्तात उतरतो तो ती मोजते. आम्ही ते रक्त चेन्नईला पाठवायचो. तिची एक अट असते. रक्त सकाळी लवकर आणि उपाशीपोटी काढावं लागतं. खाल्ल्यावर आकडा बदलतो.

इथेच घोटाळा झाला. सकाळी लवकर आणि उपाशीपोटी म्हणजे नेमकी अक्काची सोवळ्याची वेळ. पाचला आंघोळ, ओल्या नऊवारीत पूजेची तयारी, नऊला नैवेद्य. तोवर पाण्याचा थेंब नाही आणि बाहेरून आलेल्या कोणाचा स्पर्श नाही. भाऊ असला तरी काय, मोपेडवरून बाजार ओलांडून आलेला. पहिल्या दोन वर्षांत मी दुपारी जाऊन रक्त काढत असे. नवी तपासणी आल्यावर अक्काच म्हणाली, "तुज आत येवायचं कारण काय? कमला माझ्यासंगें सोवळ्यांत असते. तिज सुई येते. ती काढून देईल."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला बरंच वाटलं. नियमाला धरून मी म्हणायला हवं होतं, अक्का, अर्धा तास सोवळं मोड. पण लहानपणापासून ज्या बाईच्या सोवळ्याला हात लावला नाही, तिला हे मी कसं म्हणणार? आमच्यापैकी कोणीच म्हटलं नसतं. दुसऱ्या कुठल्याही घरी मी दार ढकलून आत गेलो असतो.

तेव्हापासून असं ठरलं. मी साडेसहाला जायचो, ओट्यावर बसायचो. आमच्याकडे त्याला तिण्णै म्हणतात. कमला आधी कॉफी आणून ठेवायची. मग थोड्या वेळाने दोन ट्यूब आणून ओट्याच्या कडेला ठेवायची. सोवळ्यातली वस्तू हातातून हातात द्यायची नसते, ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. एक लाल झाकणाची, माझ्या टेबलाची. दुसरी जांभळ्या झाकणाची, रक्तपेशी मोजायची, ती लॅबच्या शेजारच्या खोलीत आमच्या सेल्वीच्या मशीनवर जायची. मी उचलायचो, खिशातलं पेन काढून नाव लिहायचो: लक्ष्मीबाई. आतून अक्काची घंटा ऐकू यायची. तिचं तोंड मला दिसायचं नाही. सोवळ्यात सुई आणि प्लास्टिक कसं चालतं, असं एकदा गमतीने विचारणार होतो, तेही राहून गेलं.

एएलपी अठ्ठ्याऐंशी आलं. पुढच्या वेळी एकशे चार. त्याच्या पुढच्या वेळी एकशे एकोणीस. मर्यादेच्या आतच, पण वर निघालेलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा बघू आणि मग स्कॅन करायचं ठरवू.

पुढची वेळ येण्याआधी माझी बायको रुक्मा गेली. सकाळी कॉफीचं डिकाशन ओतता ओतता खाली बसली आणि गेली. हृदय. तिच्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही, लिहिता येणार नाही. तेरावा झाल्यावर आठवड्याभरात मी कामावर गेलो, कारण घरी बसवेना. आणि त्याच आठवड्यात अक्काच्या रक्ताची तारीख होती.

आकडा आला शहात्तर.

मी मशीनसमोर हात जोडले. खरंच जोडले. सगळीकडून अंधार झालेला आणि त्यात ही एक बातमी. बाजारातून अशोका हलवा घेतला, मोपेड काढली आणि थेट गोविंदपुरम्. "अक्का, उतरला! शहात्तर!" असं रस्त्यातूनच ओरडलो. अक्का झोपाळ्यावर होती, नुसती हसली. कमलाने हलव्याचा पुडा घेतला, आत गेली आणि स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटलं, आई गेली, त्यात ही चांगली बातमी, मनावरचं ओझं हललं असेल. मी दाराबाहेरूनच म्हटलं, "रडू नोको, कमला. अत्ता अस्की बरें होइल."

सगळं बरं होईल, हे माझं वाक्य मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. एकोणऐंशी. चेन्नईचा आकडाही उत्तम. डॉक्टर म्हणाले, स्कॅन नको, चांगलं चाललंय. वाईट आकडा आला की मी दोनदा तपासायचो, तिसऱ्यांदा गरम पाण्यात घालायचो. चांगला आकडा मी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा तपासला नव्हता. चौतीस वर्षांत नाही.

नवरात्र आलं. आमच्याकडे घरोघरी कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. अक्काचा कोलू नऊ पायऱ्यांचा आणि वरच्या पायरीवरच्या राजा-राणीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. स्टुलावर चढून ती स्वतः मांडायची. या वर्षी ती झोपाळ्यावर बसून सांगत होती आणि कमला मांडत होती. मी चकितच झालो. आरतीसाठी उठताना अक्काने झोपाळ्याची साखळी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली.

"अक्का, काय होतें?"

"काय होइल? वय जालें. बस तूं."

मी बसलो, प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खाल्लं, घरी गेलो. पण पाठीत कळ आल्यावर माणूस कसा उभा राहतो ते मी लॅबच्या बाकावर हजारदा पाहिलं होतं. हाडात गेलेली माणसं अशीच उभी राहतात, श्वास धरून.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी अक्काचे सगळे जुने रिपोर्ट कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावले. स्वतःची समजूत काढायला, दुसरं काही नाही. अठ्ठ्याऐंशी, एकशे चार, एकशे एकोणीस, शहात्तर, एकोणऐंशी. औषध बदललेलं नाही. काहीच बदललेलं नाही. मग उतरलं कशाने? हा प्रश्न मी सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. तेव्हा मी हलवा आणायला गेलो होतो.

आमच्यात एक नेहमीची चूक होते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. त्यातलं रक्त चुकून लाल ट्यूबमध्ये गेलं तर एएलपी खोटं कमी दिसतं. पण मग कॅल्शियमही कोसळतं आणि पोटॅशियम उसळतं. मी बघितलं. दोन्ही जिथल्या तिथे. म्हणजे तेही नाही.

मी सेल्वीला हाक मारली. सेल्वी माझ्याच हाताखाली शिकलेली, डोळा तीक्ष्ण. ती माझ्या खांद्यावरून वाकली. तिने माझ्या आकड्यांकडे बघितलंच नाही, स्वतःच्या बघितले, जांभळ्या ट्यूबच्या. हिमोग्लोबिन जवळपास सारखंच होतं, म्हणून कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. तिने बोट ठेवलं ते लाल पेशींच्या आकारावर. पहिल्या तीन वेळा एकोणनव्वद, नव्वद, एकोणनव्वद. पुढच्या दोन वेळा त्रेसष्ट, चौसष्ट.

"सार," ती हळूच म्हणाली, "ही बाई ती बाई नाही."

पेशींचा आकार असा तीन महिन्यांत एकदम उतरत नाही. काहींच्या पेशी जन्मतःच लहान असतात, आईबापांकडून आलेल्या. त्यांना त्रास काही नसतो, औषध काही नसतं, आणि मरेपर्यंत त्या तशाच राहतात. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. लग्नानंतर रुक्मा सारखी दमायची, म्हणून मी तिचं रक्त काचेवर पसरून स्वतः पाहिलं होतं. इवल्या इवल्या पेशी. महिनोनमहिने लोहाच्या गोळ्या दिल्या, काही फरक नाही. मग मोठ्या ठिकाणी तपासलं तेव्हा उलगडलं. पुढे कमला बाळंतपणाला आली तेव्हा तिचं रक्त पाहिलं. तेच. आईचं लेकीत उतरलेलं.

त्रेसष्ट. माझी मेलेली बायको त्या पडद्यावर अक्काच्या नावाने बसली होती.

ती ट्यूब मी स्वतः उचलली होती. माझ्या मुलीच्या अंगातलं रक्त, अजून कोमट, माझ्या हातात होतं आणि त्यावर मी बहिणीचं नाव लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. दोनदा.

मी तसाच आडुतुरैला गेलो. कमला ड्यूटीवर होती. नर्सिंग होमच्या मागे कपडे वाळत घालायची जागा आहे, तिथे तिला बोलावलं. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि तिचा उजवा हात आपसूक डाव्या कोपरावर गेला. मला काही विचारावंच लागलं नाही.

"तूंच?" मी म्हटलं.

"मींच, अप्पा."

"कां?"

ती वाळत घातलेल्या चादरीकडे बघत बोलली. "अम्मा जाऊन वीस दीस जालेले. तुमी जेवत नव्हतां. आत्याला पाठीत दुखायला लागलेलें. ती मणाली, येवेळां आकडा वाईट येणार, मज ठावें आहे. तो कागद वेंकूच्या हातांत नोको. अत्ता नोको. येकच वेळ, कमला. तिच्या डोक्यावर माझा हात ठेवविला, आण घातली."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळां मज भय जालें. खरें काढलें तर पहिलें खोटें कळतें. आणि तुमी हलवा घेऊन आलेलां, अप्पा. तुमचें तोंड बघून... मज सांगवलें नाही."

"तूं नर्स आहेस, कमला!" मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर एवढा ओरडलो नव्हतो. "कोणाचें रक्त कोणाच्या नांवें जातें? तिचे सहा महिने गेले!"

"तुमी कधीं आत आलां नाही," ती म्हणाली. रागाने नाही, नुसती म्हणाली. "दोनी वेळां मज वाटलें, अप्पा अत्ता आत येतील. मीं वाट बघत होतें."

थप्पड बसली असती तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गोविंदपुरम्‌ला पोचलो तर अक्का ओट्यावर बसलेली. साधं सुती लुगडं, केस मोकळे, आंघोळ नाही. कमलाने सगळं सांगितलं होतं. चाळीस वर्षांत त्या वेळेला सोवळ्याबाहेर अक्काला मी पाहिलं नव्हतं. तिने डावा हात पदराबाहेर काढून मांडीवर ठेवला होता, उताणा. ऑपरेशन उजवीकडचं, त्या हाताला सुई लावायची नसते.

मी पट्टा बांधला. तिचा दंड माझ्या बोटांत मावत होता. मग मी म्हटलं, "नांव सांगा."

"कां रे वेंकू? मीं कोण तें कळेना की?"

"नियम आहे, अक्का."

तिने माझ्याकडे बघितलं. थट्टा करावी की नाही हे ठरवत असावी. मग मान ताठ केली. "लक्ष्मीबाई. बाप रामोजीराव, नवरा माधवराव. भाऊ वेंकटराव, लॅबवाला, मोठा शहाणा. लिही."

मी तिच्यासमोर लिहिलं. रक्त माझ्या हाताने काढलं, माझ्या डोळ्यांसमोर ट्यूबमध्ये आलं.

चारशे बारा.

मशीनवर दोनदा लावलं, दोन्ही वेळा तेच. कॅल्शियमही चढलेलं. लिव्हरच्या बाकी तपासण्या साफ होत्या. गरज नव्हती, तरी मी अडगळीतून ती जुनी पाण्याची पेटी काढली, पुसली, छपन्न डिग्रीवर आणली आणि घड्याळ घेऊन उभा राहिलो. सेल्वी येऊन दारात थांबली. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. जवळजवळ काही उरलं नव्हतं. हाड.

पुढचं आधी सांगून टाकतो. तंजावरला स्कॅन झाला, मणके आणि खुब्याचं हाड, दोन्हींत कॅन्सर पोचलेला. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, माझ्या लॅबलाही लेखी दिलं. सहा महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषध लवकर सुरू झालं असतं, एवढंच नक्की सांगता येईल. बाकीचं कोणीच सांगू शकणार नाही. गोळ्या सुरू झाल्या, हाडांसाठी महिन्याला सलाइन सुरू झालं, दुखणं बरंच कमी झालं. अक्का त्यानंतर सव्वा वर्ष होती. पुढच्या नवरात्रात तिने खालच्या पायरीवरच्या बाहुल्या स्वतः मांडल्या. त्या सव्वा वर्षातलं प्रत्येक रक्त मी काढलं, दर वेळी नाव विचारून. वाचणाऱ्यांपैकी कोणी या धंद्यात असेल तर त्याला सांगतो, घरचं माणूस असलं तर दोनदा विचारा. आणि आकडा चांगला आला तर तीनदा.

आता त्या संध्याकाळचं सांगतो, चारशे बाराच्या. रिपोर्ट घेऊन मी गेलो. ओट्यावर थांबलो नाही. चप्पल काढली, पाय धुतले आणि सरळ आत, अक्काच्या झोपाळ्याशेजारी जमिनीवर जाऊन बसलो. कमला खांबाला टेकून उभी होती.

"किती?" अक्का म्हणाली.

मी सांगितलं. कागद तिच्या हातात दिला, ठेवला नाही, हातात दिला. तिने तो चष्म्याजवळ धरून नीट पाहिला. मग म्हणाली, "कमला, देवाजवळचा डबा आण."

डब्यात तिचे आजवरचे सगळे रिपोर्ट होते, घडी घालून. त्यातले वरचे दोन तिने काढले. शहात्तरचा आणि एकोणऐंशीचा. ते कमलापुढे केले. "हे तुझे. ठेवून घे. बरे आहेत." कमलाने ते घेतले आणि पदराने तोंड झाकलं.

मग चारशे बाराचा कागद अक्काने डब्यात सगळ्यांत वर ठेवला. "आणि हा माझा," ती म्हणाली, जणू बाजारात आपली पिशवी ओळखून घेत होती.

मी म्हटलं, "अक्का, मज फसविलेंत तुमी दोघींनीं."

"होय," ती म्हणाली. "चार वरुषांमागें गाठीचा कागद घेऊन आलास तेव्हां काय केलेंस, आठवतें की? तिण्णैवर बसून दोन तास पावसाचें बोललास. आडुतुरैच्या नव्या भाताचें बोललास. कागद खिशांत. मीं आंतून तुझें तोंड बघत होतें. तें मज पुन्हां बघवलें नसतें रे. रुक्मा गेलेली, त्यांत तें नोको वाटलें."

झोपाळा हलकेच करकरत होता. तिने खाली वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेरून आलेल्या, आंघोळ न केलेल्या माझ्या डोक्यावर.

"अत्ता जालें. अत्ता कागद डब्यांत आहे," अक्का म्हणाली. "अत्ता बोल पावसाचें. भाताचें बोल. मीं ऐकतें."